छोट्या बँडसॉवर सरळ काप: आधी पाते, मग फेन्स

गोव्यातल्या माशेलच्या एका गृहस्थांनी मला विचारले आहे, की त्यांनी घरच्या कामासाठी २०० मिलिमीटर चाकांचा, म्हणजे आठ इंची, छोटा बँडसॉ (वरखाली दोन चाकांवर फिरणाऱ्या अखंड पात्याची विजेची करवत) घेतला आहे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी देव्हारा नवा करावा म्हणून फणसाच्या ७५ मिलिमीटर रुंद फळीतून ८ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढायला त्यांनी सुरुवात केली, पण लाकूड फेन्सपासून (लाकूड सरळ सारण्यासाठी टेबलावर लावलेल्या आधारपट्टीपासून) सुटत जाते, काप फेन्सच्या दिशेने सरकतो, आणि ८ मिलिमीटरने सुरू झालेली पट्टी हातभर अंतरावर ५ मिलिमीटरची उरते. शिवाय कापलेला पृष्ठभाग वर-खाली ठीक असून मधोमध त्याला पोट सुटलेले असते. त्यांनी एक फेन्स टाकून दुसरी घेतली, रुंद पाते चढवून पाहिले, तरी फरक पडला नाही. यंत्रच सदोष आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपल्या वर्णनावरून मला यंत्र सदोष वाटत नाही. आपण दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र सांगितल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय उपाय सापडणार नाही. पट्टी एका टोकाकडे निमुळती होत जाणे म्हणजे पात्याचा ओढा एका बाजूला असणे. मधोमध पोट सुटणे म्हणजे पाते लाकडाच्या आत धनुष्यासारखे वाकणे. पहिल्या दोषाचे मूळ बहुधा दातांमध्ये किंवा चाकावर पाते जिथे बसते त्या जागेत असते; दुसऱ्याचे मूळ ताणात, दातांच्या संख्येत आणि आपल्या हाताच्या घाईत असते. फेन्सचा या दोन्हींशी थेट संबंध नाही. फेन्स लाकडाला दिशा देते, पात्याला नाही, आणि पाते जर स्वतःच्या मर्जीने जात असेल तर कितीही महाग फेन्स आणली तरी लाकूड आणि पाते यांची ओढाताणच होते. म्हणून पात्यापासून सुरुवात करावी आणि फेन्सला सर्वांत शेवटी हात लावावा, असे मी ठामपणे सांगतो. पुढे जे सांगतो आहे त्यातले प्रत्येक जुळवणीचे काम प्लग काढूनच करावे. जिथे यंत्र चालू लागते तिथे तसे वेगळे लिहिले आहे.

पाते काढून उन्हात किंवा चांगल्या दिव्याखाली धरा आणि भिंगातून दातांची टोके पाहा. बँडसॉच्या पात्याचे दात आलटून पालटून डावीकडे आणि उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्यामुळे कापाची फट पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद होते आणि पात्याला हालचालीला जागा मिळते. धारदार टोकावर प्रकाश थांबत नाही. बोथट टोकावर मात्र टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका चमकतो. डावीकडचे दात चमकत असतील आणि उजवीकडचे नसतील, तर पाते उजवीकडेच जाणार, कारण धारदार बाजू लाकूड खाते आणि बोथट बाजू नुसती घासते. जुन्या घरांच्या पाडकामातून आलेल्या चौकटी आणि वासे कापताना हे हमखास होते. माझ्या कारखान्यात एकदा जुन्या खिडकीच्या सागवानी चौकटीत तुटून राहिलेला, वरून न दिसणारा खिळा पात्याच्या एकाच बाजूला घासून गेला. आवाज क्षणभर बदलला आणि काम पुढे चालू राहिले, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही, आणि पुढचे दोन दिवस फेन्स इकडून तिकडे फिरवत बसलो. नवे पाते चढवल्यावर पहिलाच काप सरळ आला. तेव्हापासून काप वाकडा आला की मी आधी भिंग हातात घेतो.

यंत्राबरोबर मिळालेले पाते पुष्कळदा बारीक दातांचे असते, आणि आपल्या दुसऱ्या तक्रारीचे अर्धे उत्तर तिथेच असावे असे मला वाटते. दातांमधल्या खोलगट जागेत भुसा साठतो आणि पाते लाकडातून खाली उतरल्यावर तो बाहेर पडतो. इंचाला १४ दात असलेले पाते ७५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन इंच उंचीच्या लाकडात चालवले तर एका वेळी ४० हून अधिक दात लाकडात असतात. त्यांच्या लहान खोबणी निम्म्या वाटेतच भरून जातात, आणि मग भुसा कोंबलेले पाते पुढे जायला जागा नसल्याने बाजूला वाकते. तेच काम इंचाला ४ ते ६ दातांच्या पात्याने केले तर १२ ते १८ दात लाकडात राहतात आणि भुसा सुखाने बाहेर येतो. उलट टोकाला, निदान तीन दात लाकडात असले पाहिजेत हा नियमही पाळावा. १० मिलिमीटरच्या प्लायला ६ दातांचे पाते लावले तर दात लाकडाला आपटतात आणि कडा फाटतात. थोडक्यात, एकाच पात्याने सर्व कामे करण्याचा हट्ट सोडून निदान दोन पाती घरात ठेवावीत.

रुंदीबद्दल आपल्याला कोणीतरी सल्ला दिलेला दिसतो की पाते जितके रुंद तितका काप सरळ. तत्त्व म्हणून ते खरे आहे, पण छोट्या यंत्रावर ते उलटते. पोलादाच्या पात्यात पुरेसा ताण यायचा तर दर चौरस मिलिमीटरला साधारण १०० न्यूटन इतके बल लागते. १० मिलिमीटर रुंद आणि ०.४ मिलिमीटर जाड पात्यात दात वगळून ८ मिलिमीटरचा पट्टा उरतो असे धरले, तर दोन चाकांमधल्या पात्याच्या एका पदराला ३२० न्यूटन आणि दोन्ही पदरांना मिळून ६४० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ६५ किलो वजनाइतका भार वरच्या चाकावर पडतो. १३ मिलिमीटर रुंद आणि ०.५ मिलिमीटर जाड पात्याला तेच गणित ११० किलोच्या आसपास जाते. आठ इंची यंत्राची पत्र्याची किंवा हलक्या ओतीव धातूची चौकट इतका भार घेताना स्वतःच वाकते, चाकांची रेषा बिघडते, आणि स्प्रिंग पूर्ण दाबली गेली तरी पाते सैलच राहते. सैल रुंद पात्यापेक्षा घट्ट अरुंद पाते सरळ कापते. शिवाय चाक लहान असल्याने जाड पाते प्रत्येक फेऱ्यात दोनदा तीव्र वळण घेते आणि लवकर चिरते. चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा पाते फार जाड नसावे हा कारागिरांचा जुना हिशेब आहे. २०० मिलिमीटरच्या चाकाला तो ०.२ मिलिमीटर येतो, इतके पातळ पाते सहसा मिळत नाही, म्हणून ०.३५ ते ०.४ मिलिमीटरवर थांबावे. आपल्या कामाला मी १० मिलिमीटर रुंद, ०.३५ किंवा ०.४ मिलिमीटर जाड, इंचाला ६ दातांचे पाते सुचवीन. पाते जोडून मागवताना लांबी, रुंदी, जाडी आणि दात ही चारही मापे लिहून द्यावीत. लांबी मोजायला जुने पाते नसेल तर चाकाचा व्यास ३.१४ ने गुणावा आणि त्यात दोन्ही चाकांच्या मध्यांमधल्या अंतराची दुप्पट मिळवावी; वरचे चाक ताणाच्या पट्ट्यात मधोमध असताना हे माप घ्यावे.

ताण किती झाला हे यंत्रावरच्या खुणांवरून ठरवू नये. त्या खुणा स्प्रिंग किती दबली एवढेच सांगतात, आणि स्प्रिंग काही वर्षांत थकते. ज्यांच्याकडे डिजिटल व्हर्नियर (जबड्यांमध्ये धरून बारीक माप घेण्याचे साधन) आहे त्यांनी एक सोपा प्रयोग करावा. पाते जेमतेम सरळ झाले आहे पण ताण अजून पडलेला नाही, अशा अवस्थेत व्हर्नियरचे दोन्ही जबडे १०० मिलिमीटर अंतरावर छोट्या क्लँपने पात्याला घट्ट बांधावेत, व्हर्नियरचा लॉक सैल ठेवावा, आकडा शून्यावर आणावा आणि ताणाची मूठ हळूहळू फिरवावी. पोलादाच्या १०० मिलिमीटर लांबीत ०.०५ मिलिमीटर वाढ दिसली की वर सांगितलेला १०० न्यूटनचा ताण आला. त्या वेळी मूठ किती फेरे फिरली हे मोजून ठेवावे. पुढच्या वेळी व्हर्नियर लावायची गरज उरत नाही. व्हर्नियर नसेल तर पात्याच्या बाजूचे गाईड, म्हणजे पाते डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून लावलेले आधार, दूर करून, झाकणे बंद करून यंत्र चालू करावे आणि ताण अगदी थोडा थोडा कमी करत जावे. एका क्षणी पाते फडफडू लागते. तिथून फडफड थांबेपर्यंत ताण वाढवावा आणि वर आणखी पाव फेरा द्यावा. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, पण बोटाने दाबून पाहण्यापेक्षा बरा.

आता ओढ्याकडे वळतो, कारण आपला मुख्य त्रास तोच आहे. चाकावरचे रबर सपाट नसते, मधोमध किंचित उंचावलेले असते, आणि त्या उंचवट्यावर पाते नेमके कुठे बसते यावर दातांची दिशा ठरते. पाते उंचवट्याच्या पुढच्या उताराकडे बसले तर दात एका बाजूला वळतात, मागच्या उताराकडे बसले तर दुसऱ्या बाजूला. नुसत्या डोळ्यांना हा कोन दिसत नाही, पण हातभर कापात तो दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज दाखवतो. म्हणून दोन्ही गाईड पूर्ण मागे घ्यावेत, पात्याला कामाचा ताण द्यावा, वरचे चाक हाताने फिरवत ट्रॅकिंगचा, म्हणजे चाकाचा कल बदलून पाते पुढे-मागे सरकवणारा, स्क्रू अगदी पाव-पाव फेरा वळवावा आणि दातांच्या खोबणीचा तळ चाकाच्या मध्यरेषेवर येईल असे करावे. ताण बदलला की पाते पुन्हा सरकते, त्यामुळे आधी ताण आणि मग ट्रॅकिंग हा क्रम उलटा करू नये. दोन्ही चाके एका पातळीत आहेत का हे सरळ पट्टीने तपासावे असे अनेक जण सांगतात. तपासायला हरकत नाही, पण पाते स्थिर बसत असेल तर एक-दोन मिलिमीटरच्या फरकासाठी छोट्या यंत्राची चाके हलवू नयेत. त्यातून लाभापेक्षा नुकसान जास्त झालेले मी पाहिले आहे.

इथे गोव्याच्या हवेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. फणसाच्या लाकडात चीक असतो, आणि श्रावणातल्या ओलसर हवेत त्याचा बारीक पिवळा भुसा खालच्या चाकाच्या रबरावर चिकटून वाळतो. हा थर सगळीकडे सारखा बसत नाही. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ असा बसतो आणि रबराचा उंचवटाच जागचा सरकतो. यंत्राचे खालचे झाकण उघडून चाक हळूच फिरवत रबरावरून अंगठा फिरवला, तर पापुद्र्यासारखे खडबडीत ठिगळ हाताला लागते. ते लाकडाच्या चपट्या पट्टीने खरवडून काढावे, लोखंडी पात्याने नव्हे, आणि रबराला रॉकेल लावू नये, कारण रॉकेलने ते फुगते. पाते मात्र यंत्रावरून उतरवून रॉकेलात भिजवलेल्या पितळी ब्रशने घासावे, कोरडे पुसावे आणि मगच चढवावे. आपले यंत्र एक पावसाळा काढून झालेले असेल, तर हे काम मी सर्वांत आधी करून पाहीन.

एवढे झाल्यावर गाईड जवळ आणावेत. बाजूचे गाईड आणि पाते यांच्यात चलनी नोटेच्या जाडीइतके, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर अंतर असावे आणि त्यांची पुढची कड खोबणीच्या तळापासून साधारण एक मिलिमीटर मागे असावी, नाहीतर गाईड दातांनाच घासून त्यांची धार घालवतात. पाठीमागचे बेअरिंग रिकाम्या चालीत पात्याला टेकू नये, कापताना टेकावे. टेबलाखालचे गाईडही इतकेच काळजीने लावावेत. ते हाताला सहज पोहोचत नाहीत म्हणून बहुतेक घरांत ते यंत्र आणल्या दिवशी जसे होते तसेच राहतात. वरचा गाईड लाकडापासून ५-६ मिलिमीटरच वर ठेवावा. त्याची दांडी अनेक छोट्या यंत्रांत टेबलाला अगदी लंब नसते, तेव्हा उंची बदलल्यावर अंतर पुन्हा पाहावे.

टेबलाचा काटकोन गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) लावावा आणि खात्रीसाठी एक उंच तुकडा दोन-तीन मिलिमीटर कापून यंत्र बंद करावे, तुकडा न उलटता टेबलावरच अर्धा गोल फिरवून तीच चीर पात्याच्या पाठीला लावावी. पाठ चिरेत वरपासून खालपर्यंत नीट बसली तर टेबल काटकोनात आहे. न बसली तर दिसणारा फरक प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असतो, म्हणून निम्मीच दुरुस्ती करावी.

मगच फेन्स. सरळ कडेच्या, हातभर लांब फळीवर कडेला समांतर पेन्सिलीने रेघ आखावी, ती फेन्सशिवाय नुसत्या हाताने, घाई न करता रेघेवरून निम्म्यापर्यंत कापावी, आणि लाकूड जागचे न हलवता यंत्र बंद करावे. फळीची कड ज्या दिशेला आहे तीच त्या पात्याची खरी दिशा. वरची सगळी कामे नीट झाली असतील तर ती टेबलावरच्या, लाकूड सारण्याच्या दिशेने असलेल्या खाचेला जवळजवळ समांतर असते आणि फेन्सही तशीच लावावी. थोडा कोन उरला असेल तर फेन्स त्या कोनात बसवावी. कोन मोठा असेल तर मात्र फेन्स वळवून तो झाकू नका, पुन्हा दातांकडे जा. पाते नवे असूनही ओढत असेल, तर प्लग काढून, वरचे चाक हाताने उलट्या दिशेने फिरवत, ज्या बाजूला ओढा आहे त्या बाजूच्या दातांवर बारीक धारेचा दगड हलकेच टेकवून एक-दोन फेरे घ्यावेत, म्हणजे त्या बाजूचा जादा फाकलेला भाग घासला जातो. एकदा घासलेले परत येत नाही, हे लक्षात ठेवून प्रत्येक वेळी कापून पाहावे.

छोट्या यंत्राची फेन्स बहुधा पुढच्या टोकालाच आवळली जाते आणि मागचे टोक लाकडाच्या दाबाने सरकते. मागेही एक क्लँप लावा. त्याहून चांगले म्हणजे ७५ मिलिमीटर उंचीची सरळ, रंधलेली सागवानी फळी फेन्सला जोडावी आणि ती पात्याच्या दातांच्या थोडी पुढेच संपवावी. लाकडात दडलेला ताण कापल्यावर मोकळा होतो आणि पट्टी वळते. फेन्स लांब असेल तर ती वळलेली पट्टी फेन्सला रेटून काप बिघडवते.

कारण शेवटी लाकूड हाही या व्यवहारातला एक पक्ष आहे. फळीची फेन्सला टेकणारी बाजू आणि टेबलावर बसणारी कड रंध्याने सरळ केल्याशिवाय सरळ पट्टीची अपेक्षा ठेवू नये. वाकडी बाजू फेन्सवर डुलते आणि आपण दोष यंत्राला देतो. पणजीच्या परिसरात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्या चार महिन्यांत हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा उघड्यावर ठेवलेले वाळके लाकूडही १८ टक्क्यांच्या घरात ओलावा धरते. उन्हाळ्याआधीच्या कोरड्या दिवसांत तेच ११-१२ टक्क्यांवर असते. आपली पट्टी यंत्रातून सरळ निघून दुसऱ्या दिवशी वाकली असेल, तर तो काप वाकडा नव्हे, फळीच्या आतला ओलावा बाहेर पडला आहे. म्हणून ८ मिलिमीटर हव्या असतील तर १० किंवा ११ मिलिमीटरच्या पट्ट्या काढाव्यात, मध्ये बारीक चिपा देऊन वजनाखाली आठ-दहा दिवस ठेवाव्यात आणि मग रंधाव्यात. माडाचे लाकूड कापायचा विचार असेल तर जास्त सांभाळावे. त्याचा बाहेरचा भाग फार कठीण आणि गाभा मऊ असतो, त्यामुळे पाते आपोआप गाभ्याकडे वळते. सागात वाळूचेच द्रव्य असलेले कण असतात आणि ते धार लवकर खातात.

लाकूड पुढे सारण्याची गती कानांनी ठरवावी. २०० मिलिमीटरचे चाक मिनिटाला १,४०० फेरे घेत असेल तर पाते मिनिटाला सुमारे ८८० मीटर धावते. आवाज खाली उतरू लागला, की दात जितके खाऊ शकतात त्यापेक्षा आपण जास्त भरवतो आहोत असे समजावे. पोट सुटण्याचे उरलेले कारण बहुधा हेच असते. लांब आणि बारीक वायरीच्या एक्स्टेंशनवर यंत्र चालवू नये, भाराखाली व्होल्टेज पडते आणि ३०० वॉटच्या आसपासची मोटर दमते. शेवटच्या वीतभर अंतरात बोटांऐवजी ढकलायची लाकडी काठी वापरावी, आणि घाई करू नये.

काम संपल्यावर ताण सैल करावा, नाहीतर रबरावर पात्याची खूण उमटते आणि स्प्रिंग थकते. पात्यावर पातळ तेलाचा हात फिरवावा, कारण आपल्याकडे पावसाळ्यात दोन दिवसांत दातांवर गंज धरतो आणि पुढच्या वेळी लाकडावर तेलाचा डाग पडू नये म्हणून आधी एखादा टाकाऊ तुकडा कापावा. ताण सैल करताना मूठ किती फेरे फिरवली तो आकडा यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा, त्याखाली पाते चढवल्याची तारीख लिहा, आणि नव्या पात्याबरोबर पुसून पुन्हा लिहा.